तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

नॉर्ड लेक, मिनेसोटा
१८ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. त्यावरचा निवडुंग छान आहे. फोन करू नकोस, पत्रच लिही, असं मी तुला कळवणारच होतो. मागच्या नाताळात तू फोनवर अर्धा तास गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगत होतीस आणि मी "फारच छान, असंच चालू दे" म्हणत होतो, हे मला ईस्टरला कळलं. तेव्हापासून फोनची भीतीच बसली आहे.

इकडे सकाळी गवतावर पांढरं पडायला लागलंय. तक्रार नाही.

एक विचारायचं होतं. विचारावं की नको असं चार दिवस चाललंय, पण पाकीट आणलंय तर विचारतो. आपल्या त्या म्हातारपणीच्या सरकारी विम्याचं, मेडिकेअरचं. माझी योजना एका कंपनीमार्फत आहे, कित्येक वर्षं तीच. तिच्यात कानाच्या यंत्राला काही मिळत नाही. शेजारच्या हॅल्वरची दुसऱ्या कंपनीची आहे, त्याला दोन्ही कानांची यंत्रं मिळाली, आणि आता तो सगळ्यांचं ऐकतो, न सांगितलेलंसुद्धा. मीही बदलावी का? वाचनालयात दर मंगळवारी कॅमिला नावाची एक मुलगी बसते आणि विम्याचा फुकट सल्ला देते. न्यू जर्सीहून नवीनच आली आहे.

कानांवाचून माझं तसं काही अडलेलं नाही. कोंबड्या काय म्हणतात ते पाहूनही कळतं. पण रविवारी प्रार्थना झाली की कॉफीला बोर्गहिल्ड ओसेन माझ्या डावीकडे बसते. तिचा नवरा गेल्यानंतर, म्हणजे दोन वर्षं झाली. निघताना ती माझ्या कानाशी वाकते आणि काहीतरी म्हणते. हळू बोलते, तुला माहीत आहेच. मी मान डोलावतो. ती हसते आणि जाते. पुढच्या रविवारी मात्र आल्या आल्या जरा फुगलेली असते. मग कॉफी होते, केक होतो, ती पुन्हा वाकते, मी पुन्हा मान डोलावतो.

ताई, ती काय म्हणते ते मला ऐकायचंय. एवढंच. बाकी चर्चमधलं काही ऐकू आलं नाही तरी चालेल.

तुझा,
ऑर्लिन

·

मेसा, अ‍ॅरिझोना
२६ ऑक्टोबर

ऑर्लिन,

आशीर्वाद आहेतच, पण ते शेवटी. आधी ऐक. ऐक म्हणजे वाच.

हे दार वर्षातून एकदा उघडतं. पंधरा ऑक्टोबरला उघडतं आणि सात डिसेंबरला बंद होतं. तेवढ्यात कुणाही म्हाताऱ्याला आपली योजना बदलता येते, आणि नवी एक जानेवारीपासून लागू होते. मला हे तोंडपाठ आहे, कारण आमच्या वस्तीत या दिवसांत दुसरा विषयच नसतो. मी पोहण्याच्या तलावात कंबरभर पाण्यात उभी राहते आणि लोक पोहत पोहत येऊन मला विचारतात, थेल्डा, माझ्या दातांचं काय, थेल्डा, माझ्या चष्म्याचं काय. निम्म्या वस्तीच्या योजना मी पाण्यात उभ्याउभ्या लावून दिल्यात. टीव्हीवर म्हातारे नट दात दाखवून सांगतात की आत्ताच्या आत्ता फोन करा. तू करू नकोस. तू त्यांनाही "असंच चालू दे" म्हणशील आणि ते चालू देतील.

तेव्हा मंगळवारी त्या मुलीकडे जा, कानांची सोय असलेली योजना शोधायला सांग, आपला दवाखाना आणि आपले डॉक्टर तिच्यात आहेत ना ते विचार, आणि बदलून टाक. अर्ध्या तासाचं काम आहे.

बोर्गहिल्डबद्दल मी काही बोलणार नाही. फक्त जिल्ह्याच्या जत्रेत माझ्या काकडीच्या लोणच्याचा दुसरा नंबर आला तेव्हा पहिला कुणाचा आला होता ते आठव. पासष्ट वर्षं झाली, मी विसरून गेले आहे. आणि हळू बोलणारी माणसं मुद्दाम हळू बोलतात, म्हणजे समोरच्यानं जवळ सरकावं. तिला म्हण कागदावर लिहून दे. विषय संपला.

गुडघा बरा आहे. विचारल्याबद्दल आभार, जरी तू विचारलेलं नसलंस तरी.

थेल्डा

·

नॉर्ड लेक
१२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

गुडघ्याचं ऐकून बरं वाटलं.

कागदावर लिहून दे म्हणायचं म्हणजे दोन वर्षं मी नुसतीच मान हलवत होतो हे कबूल करायचं. त्यापेक्षा योजना बदलणं सोपं, असं मला वाटलं होतं.

मी गेलो होतो. कॅमिला चांगली मुलगी आहे. तिचं बोलणं मला शब्द न् शब्द ऐकू येतं, वाचनालयातल्या बाकीच्यांनाही येतं. तिनं माझं कार्ड घेतलं, कॉम्प्युटरवर शोधलं, आणि मला हवी तशी योजना सापडली. दोन्ही कान, आपला दवाखाना, आपले डॉक्टर, सगळं. माझा तर विश्वास बसेना. मग ती म्हणाली, "बदलून टाकू का?"

मी म्हटलं, "नको, उगाच कशाला तुला त्रास."

ती म्हणाली, "बरं, तुमची मर्जी," आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

ताई, मी खुर्चीत तसाच बसलो होतो. म्हटलं दुसऱ्यांदा विचारायला विसरली असेल, आठवेल. पुढचा माणूस माझ्या मांडीवर बसायच्या बेतात आला तेव्हा उठलो.

पुढच्या मंगळवारी मी खजुराच्या वड्या करून घेऊन गेलो, म्हटलं तिला विषय काढायला निमित्त होईल. मी डबा पुढे केला आणि तिनं पहिल्याच वेळी वडी उचलली. एकदाही नको म्हणाली नाही. खाऊन झाल्यावर स्वतःच्या हातानं आणखी एक घेतली. म्हटलं, तिच्या घरी तसं वळण नसेल. मग तिनं विचारलं, "कसं काय, सगळं ठीक?" मी म्हटलं, "तक्रार नाही." ती म्हणाली, "छान." झालं.

तिच्या मनातच माझी योजना बदलायची नसेल तर मी तिला कसं भरीस पाडू?

रविवारी बोर्गहिल्ड वाकली होती. या वेळी जरा लांब वाक्य होतं.

तुझा,
ऑर्लिन

·

मेसा
१९ नोव्हेंबर

ऑर्लिन,

तुझं पत्र मी तलावात वाचून दाखवलं. दोघांना ठसका लागला आणि एकीला बाहेर काढावं लागलं.

आपल्या घरात पहिलं "नको" म्हणजे नमस्कार. दुसरं "नको" म्हणजे वळण. आणि तिसऱ्यांदा कुणी विचारलं की मग "बरं, एवढं म्हणताय तर". आईनं आपल्याला चमच्याआधी हे शिकवलं. पण गाढवा, आपल्या चार जिल्ह्यांच्या पलीकडे जगात कुणालाही हे ठाऊक नाही. मी तुझ्या मेहुण्याबरोबर, मेरिलबरोबर, इथे राहायला आले तेव्हा पहिला महिनाभर उपाशी होते. लोक म्हणायचे केक घ्या, मी म्हणायचे नको, आणि केक दुसरीकडे जायचा. शेवटी मेरिलनं मला खडसावलं की थेल्डा, इथे "नको" म्हणजे नकोच. त्या दिवसापासून मी कुणी काही विचारायच्या आधीच "हो" म्हणते, आणि माझं वजन वाढलं.

न्यू जर्सीच्या माणसाला तू "नको" म्हणालास. तो विषय तिच्या दृष्टीनं तिथेच पुरला गेला. न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा विकले जात नाहीत, आणि तू तर कान मागायला निघाला आहेस. भीड ही भिकेची बहीण.

आता काय करायचं ते सांगते. मंगळवारी जायचं, दारातूनच "हो" म्हणत आत शिरायचं, आणि तिचं बटण दाबून होईपर्यंत "हो"च म्हणत राहायचं. मधे एकही दुसरा शब्द नको. वड्या नेऊ नकोस.

सात डिसेंबर. लक्षात ठेव.

थेल्डा

·

नॉर्ड लेक
१० डिसेंबर

प्रिय ताई,

बर्फ भरपूर पडलंय. तळं गोठलं, आणि मासेमारीची खोपटी मी शनिवारी ओढून तळ्यावर नेली. बर्फाला भोक पाडून गळ सोडलाय. अजून मासा नाही, पण खोपटीत स्टोव्ह चांगला चालतो. चर्चमधलं लुटेफिस्कचं जेवण झालं. यंदा मासा नेहमीपेक्षा कमी थुलथुलीत होता, लोक नाराज होते. एनार मोचा कुत्रा हरवला होता, तो सापडला. खरं तर हरवला नव्हता, गाडीतच होता.

तुला तिकडे गरम होत असेल.

बाकी सगळं ठीक. योजनेचं म्हणशील तर ते आहेच.

तुझा,
ऑर्लिन

·

मेसा
१७ डिसेंबर

ऑर्लिन,

"ते आहेच" म्हणजे काय? एनार मोच्या कुत्र्याला तू तीन वाक्यं दिलीस.

बदललीस की नाही? एका शब्दात उत्तर दे.

थेल्डा

·

नॉर्ड लेक
२८ डिसेंबर

प्रिय ताई,

नाही.

एका शब्दात सांग म्हणालीस म्हणून सांगितलं, पण पाकिटावरचं तिकीट वाया जाऊ नये म्हणून पुढचंही लिहितो.

मुदतीच्या आधीचा तो शेवटचा मंगळवार होता. मी सकाळपासून "हो" घोकत होतो. पोस्टमनला हो म्हणालो, पंपावरच्या मुलाला हो म्हणालो, त्यामुळे गाडीचं तेल गरज नसताना बदललं गेलं. वाचनालय बंद व्हायला थोडा वेळ होता. दारापाशी पोचलो तर त्याच वेळी एनार मो आणि लुंडबाई आणि लुंडबाईंची बहीण तिघंही पोचले. सगळ्यांचं काम तेच.

मी दार धरून म्हटलं, आधी तुम्ही. लुंडबाई म्हणाल्या, छे, तुम्ही दार धरलंय, आधी तुम्ही. एनार म्हणाला, बायकांनी आधी जावं. लुंडबाईंची बहीण म्हणाली, ऑर्लिन थंडीत उभा आहे, तो आधी जाऊ दे. मी म्हटलं, मला थंडी वाजत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या फेरीला कुणीतरी गेलंच असतं, नेहमी जातं, पण चौघंजण असले की कुणाची कितवी फेरी चालली आहे त्याचा घोळ होतो. आतली सगळी ऊब बाहेर गेली. शेवटी कॅमिलाच आतून आली. आम्ही चौघं टोप्या हातात घेऊन दारात उभे. तिला वाटलं आम्ही निघालो आहोत. "सावकाश जा, घसराल," म्हणाली आणि दिवे घालवले.

त्यानंतर आम्ही चौघं कॉफी प्यायला गेलो. तिथेही दारात वेळ गेला.

तर आता पुढच्या ऑक्टोबरपर्यंत असंच. मी तुला सांगणार नव्हतो, कारण तू ओरडशील, आणि तुझं ओरडणं पत्रातसुद्धा मला ऐकू येतं. वाईट फक्त एका गोष्टीचं वाटतं. नाताळच्या प्रार्थनेनंतर बोर्गहिल्ड वाकली, काही म्हणाली, मी मान डोलावली, आणि ती या वेळी हसली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, ताई. अजून वर्षभर तिनं वाकत राहावं असं मी कोणत्या तोंडानं धरून चालू?

तुझा,
ऑर्लिन

·

मेसा
५ जानेवारी

प्रिय ऑर्लिन,

बैल गेला आणि झोपा केला. पण मी ओरडणार नाही. बघ, किती शांतपणे लिहिते आहे.

एक मार्ग आहे. माणसानं राहतं ठिकाण सोडून दुसऱ्या भागात कायमचं घर केलं, जिथे त्याची जुनी योजना चालत नाही, तर त्याला योजना बदलायची वेगळी संधी मिळते. मुदतीबिदतीचा संबंध नाही. ही सरकारचीच सोय आहे, मी बनवलेली नाही. आणि तू राहणार कुठे म्हणशील तर माझी मागची खोली रिकामी आहे. मी ती झाडून ठेवली आहे. पडदेही बदललेत, तुला आवडतो तसा निळा रंग. इथल्या योजनेत कान, दात, डोळे सगळं आहे, आणि पोहण्याचा वर्गसुद्धा. अंगणात संत्री आहेत. बर्फ उपसायला लागत नाही.

कोंबड्या हॅल्वरला दे. खोपटी वीक. दुसरा काही इलाज नाही, मी सगळीकडे चौकशी केली.

बोर्गहिल्डचं म्हणशील तर पत्रव्यवहार करता येतो. तो मोठ्यानं बोलावा लागत नाही.

ये लवकर.

तुझी,
थेल्डाताई

·

नॉर्ड लेक
२२ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस खोपटीत जाऊन बसलो. मग ठरवलं की जावं. मासेमारीच्या दुकानात मी फक्त एवढंच म्हणालो की कदाचित जाईन, बघू. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. रविवारी चर्चमध्ये निरोपाची कॉफी ठेवली. मी नको म्हटलं, पुन्हा नको म्हटलं, आणि तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कार्यक्रम सुरूच झालेला होता. मोठा केक, त्यावर निवडुंग. हॅल्वरनं भाषण केलं, सगळे रडले, मला एक शब्द ऐकू आला नाही, मीही रडलो.

शेवटी बोर्गहिल्ड आली. वाकली, म्हणाली काहीतरी. मी मान डोलावली. तिनं चष्मा काढून पुसला आणि कोट न घालताच बाहेर गेली.

मंगळवारी मी वाचनालयात पुस्तकं परत करायला गेलो. कॅमिलानं फळ्यावर निरोपाची सूचना वाचली होती. ती माझ्यावर धावूनच आली आणि म्हणाली, गाव सोडून चाललात कुठे? मी म्हटलं, अ‍ॅरिझोनाला, कानांसाठी. तिला काही कळेना. मी सगळं सांगितलं, मुदत गेली तेही, दारातलंही. तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, अहो, तुमची योजना आधीपासून कंपनीचीच आहे ना? अशा लोकांना एक जानेवारी ते एकतीस मार्च पुन्हा दार उघडं असतं. एकदाच बदलता येते, पण येते. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू.

मी खाली बसलो. ती समोर बसली. कार्ड घेतलं, योजना काढली, आणि म्हणाली, "बदलून टाकू का?"

मी सांगतो ताई, मला "हो" म्हणायचं होतं. मनात "हो"च होतं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "नको, उगाच कशाला तुला त्रास."

मला वाटलं संपलं. पण ती पोर लुंडबाईंच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. इतक्या दिवसांत ती तिथे दोन-चारदा उपाशी झोपली असावी. तिनं हात जुळवून टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "त्रास कसला, बदलते ना?" मी म्हटलं, "नको गं, तुझी किती कामं असतील." ती जरा पुढे झुकली, एवढा मोठा आवाज असलेली मुलगी हळूच म्हणाली, "बदलू?"

मी म्हटलं, "बरं, एवढं म्हणतेस तर."

तिनं बटण दाबलं. वाचनालयात कुणीतरी टाळ्या वाजवल्या, बहुतेक लुंडबाई.

तर एक फेब्रुवारीपासून माझ्याकडे कान असतील. गाव सोडायची गरज नाही. निरोपाचा केक मात्र खाल्लेला आहे, त्याचं काय करायचं ते कळत नाही. लोक रस्त्यात भेटले की अजून गेला नाहीस का असं बघतात.

एक गोष्ट समजली नाही. तुला या विम्याच्या सगळ्या तारखा पाठ आहेत. निम्म्या वस्तीच्या योजना तू लावल्यास. मग हे जानेवारी ते मार्चचं तुला कसं माहीत नव्हतं?

तुझा,
ऑर्लिन

·

मेसा
३० जानेवारी

ऑर्लिन,

माहीत होतं.

तू सरळ विचारलंस, तिकडच्या माणसाला हे शोभत नाही, पण विचारलंस म्हणून सरळ सांगते. माहीत होतं आणि मी ते गिळलं. त्याच आठवड्यात तलावात मी तिघांना हाच मार्ग सांगितला, आणि तुला सांगितलं की दुसरा इलाज नाही.

मेरिल गेल्याला चार वर्षं झाली. इथे सगळे चांगले आहेत. सगळे पटापट "हो" म्हणतात, पटापट खातात आणि संध्याकाळी सहाला आपापल्या घरी जाऊन टीव्ही लावतात. ताटात शेवटचा तुकडा कधी उरतच नाही. मला असं कुणीतरी टेबलाशी हवं होतं जे शेवटच्या तुकड्याला दोनदा नको म्हणेल, आणि मी तिसऱ्यांदा म्हणेन घे रे, आणि तो घेईल. एवढ्यासाठी मी तुला तुझ्या तळ्यावरून उठवायला निघाले होते. मला लाज वाटते. पडदे परत केलेले नाहीत, ते छान दिसतात.

आणि हो, त्यात थोडी बोर्गहिल्डही होती. तिनं लोणच्यात बडीशेपेची फुलं घातली होती, ती पाककृती आपल्या आईची होती, आणि ती तिला मीच सांगितली होती. पण आता मी एक्याऐंशी वर्षांची आहे आणि ती पण. कान आले की आधी तिचं ऐक. मग मला कळव काय म्हणत होती ते. दोन वर्षं ती वाकते आहे म्हणजे लोणच्याचं तर नसेल.

थेल्डा

·

नॉर्ड लेक
११ मार्च

प्रिय ताई,

रागावलो नाही. रागवावं म्हणून खोपटीत जाऊन बसलो होतो, पण मासा लागला आणि राहून गेलं.

आधी तुझं. उन्हाळ्यात तुझ्याकडे भट्टी पेटते हे तू दरवर्षी लिहितेस. जूनमध्ये इकडे ये आणि पानं गळेपर्यंत राहा. तू नको म्हणशील हे मला माहीत आहे, म्हणून इथेच दुसऱ्यांदा विचारतो: ये. तिसऱ्यांदा विचारायला कॅमिला सांगते आहे की मी फोन करावा. करीन. आता करता येतो.

कान मागच्या आठवड्यात आले. दोन्ही. डॉक्टरांनी बसवले आणि मी दवाखान्यातून निघालो तेव्हा कुणीतरी माझ्यामागे चालत होतं. मागे वळून पाहिलं तर कुणी नाही, माझीच पँट. घरी फ्रिज गुरगुरतो. भिंतीवरचं घड्याळ बंद आहे असं मी समजत होतो, ते चालू आहे, नुसते काटे अडकलेत. हॅल्वर इतकी वर्षं मला एकच विनोद सांगत होता. आणि आपले पाद्री दर रविवारी इतकं बोलतात हे मला माहीत नव्हतं. यंत्राला बंद करायचं बटण आहे हे बरं आहे.

रविवारी कॉफीला बोर्गहिल्ड डावीकडेच बसली. मी सकाळपासून तयार होतो. कॉफी झाली, केक झाला. ती उठली, पर्स घेतली आणि निघाली. वाकली नाही. ताई, कान नव्हते तेव्हा दोन वर्षं बोलत होती, आणि कान आले त्या दिवशी गप्प.

मी कधी कुणाच्या मागे गेलेलो नाही. गेलो. कोट टांगतात तिथे तिला गाठलं आणि म्हटलं, बोर्गहिल्ड, इतके रविवार तू मला काय म्हणत होतीस? तिनं माझ्याकडे पाहिलं. मग कानांकडे पाहिलं, आधी एका, मग दुसऱ्या. बोलली नेहमीसारखीच हळू, पण मला ऐकू आलं.

"दुपारी जेवायला येतोस का, एवढंच."

दर रविवारी, ताई. पहिल्या वेळी मी नको न म्हणताच मान डोलावली याचं तिला आश्चर्य वाटलं होतं, म्हणाली, पण आवडलंही. घरी जाऊन तिनं दोन ताटं मांडली. मी आलो नाही. पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हणालो, पुन्हा दोन ताटं. का आला नाहीस असं विचारायचं म्हणजे भांडण काढण्यासारखं, आणि तिचा स्वभाव तसा नाही. नाताळला तिनं हंस भाजला होता. जाण्याआधी एकदा तरी ये, असं निरोपाच्या दिवशी म्हणाली होती, आणि त्यालाही मी हो म्हणालो होतो.

मी कोटांच्या रांगेला धरून उभा राहिलो. मला माफी मागायची होती, पण ती कुठून सुरू करावी कळेना. म्हणून नुसतं विचारलं, "मी एकदाही आलो नाही, तरी तू दोन वर्षं विचारत का राहिलीस?"

ती म्हणाली, "तू एकदाही नको म्हणाला नाहीस ना."

बाकीचे लोक कोट घ्यायला येत होते, आणि आम्ही मधे उभे असल्यामुळे एकमेकांना आधी तुम्ही म्हणत थांबले होते. तिनं बाही सारखी केली, जरा वाकली आणि म्हणाली, "मग आज येतोस का?"

मी ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं. सवयीनं तोंड उघडलंसुद्धा. मग ते मिटलं, मान डोलावली, आणि या वेळी गेलो.

तुझा,
ऑर्लिन